अकराचं ॲव्हरेज

इंजिन बदलून गाडी घरी आली, त्या दिवशी मोजणीसाहेबांनी इमारतीच्या फाटकात उगाचच दोनदा हॉर्न वाजवला. एरवी ते हॉर्नला हात लावत नसत. हॉर्न हा घाईत असलेल्या माणसांसाठी असतो आणि आपण कधीच घाईत नसतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

साहेब भूमापन कार्यालयात मोजणीदार होते. लोकांच्या हद्दी मोजण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. दोन शेजाऱ्यांत वीतभर जागेवरून डोकी फुटायची वेळ आली की त्यांना बोलावलं जाई. फीत ताणून एकदा इकडून, एकदा तिकडून आणि मनाच्या समाधानासाठी तिसऱ्यांदा मोजून ते जो आकडा सांगत, तो दोन्ही बाजूंना सारखाच नावडत असे. त्यालाच साहेब अचूक मोजणी म्हणत.

गाडी बावीस वर्षांची होती. शेवटी शेवटी ती एवढा निळा धूर सोडायची की मागून येणारी वाहनं आदराने अंतर राखून चालत. गॅरेजवाल्या मिस्त्रींनी एके दिवशी इंजिन ऐकलं. ते स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकत, डॉक्टर नळी लावतात तसं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "साहेब, हे आता दमलंय." मग महिनाभराने त्यांनी त्याच बनावटीच्या एका अपघातग्रस्त गाडीचं इंजिन गिअरबॉक्ससकट मिळवलं आणि आठवडाभर खपून बसवलं. गाडी लोण्यासारखी चालायला लागली. धूर गेला, खडखड गेली. साहेब ऑफिसात पाच-सात मिनिटं आधीच पोचायला लागले आणि शिपायाच्या आधी येऊन दारात उभे राहू लागले.

पंधरा दिवसांनी टाकी भरली, वही काढली, किलोमीटरला लिटरने भागलं. उत्तर आलं अकरा.

साहेबांनी पंपावरच पुन्हा भागाकार केला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला. गाडी बाजूला घेऊन साहेबांनी तिसऱ्यांदा भागाकार केला. अकराच. जुनं इंजिन मरता मरतासुद्धा चौदा देत होतं.

घरी आल्यावर त्यांनी ही वार्ता अशा आवाजात सांगितली की बाईंना आधी वाटलं, कुणीतरी गेलं. साहेबांच्या पत्नी प्राथमिक शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळी इमारत त्यांना बाई म्हणत असे. एकटे साहेब 'अगं' म्हणत.

सगळं ऐकून बाई म्हणाल्या, "पण टाकी तर पंधरा दिवस पुरली की. आधीही पंधरा दिवसच पुरायची."

"अगं, हे असं अंदाजपंचे चालत नाही. भागाकार समोर आहे."

"बरं," बाई म्हणाल्या आणि वह्या तपासायला बसल्या. इथेच खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण सरळ बोललेलं ऐकून घ्यायची सवय साहेबांना फक्त ऑफिसात होती.

मिस्त्री म्हणाले, "इंजिन अजून बसायचंय साहेब. हजार किलोमीटर होऊ द्या." हजार झाले. ॲव्हरेज अकरा. मग प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, कार्बोरेटर उघडून, धुऊन, फुंकर मारून परत बसवला. ब्रेक चाकं धरून ठेवतायत की काय, म्हणून गाडी उचलून चारही चाकं हाताने फिरवून पाहिली. चाकं अशी फिरली की बघत राहावं. ॲव्हरेज अकरा पूर्णांक शून्य चार. ते वरचं शून्य चार हे चाकं फिरवल्याने आलं, असं साहेबांचं मत पडलं.

दरम्यान साहेबांनी नियमाप्रमाणे इंजिन बदलल्याचं कळवलं होतं, त्यावर परिवहन कार्यालयाचं पत्र आलं. गाडीच्या कागदांवरचा इंजिन क्रमांक आणि गाडीतला क्रमांक जुळत नव्हता. खिडकीपलीकडच्या कारकुनाने दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, "म्हणजे ही गाडी ती गाडी नाही."

"मग ही कुठली गाडी आहे?" साहेबांनी विचारलं.

"ते तुम्ही सिद्ध करायचं. जुनं इंजिन समक्ष दाखवा."

मिस्त्रींनी जुनं इंजिन टेम्पोत घातलं, चार माणसांनी ते कार्यालयाच्या पायऱ्या चढवलं आणि खिडकीसमोर ठेवलं. तोवर त्या खिडकीत दुसरा कारकून आला होता. त्याने आधी इंजिनाकडे, मग साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "याचा फोटो चालतो की." स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे साहेबांना राग कुठल्या बाजूने करावा हेच कळेना. फॉर्ममध्ये 'बदलाचे कारण' म्हणून बोटभर जागा होती, तिथे त्यांनी 'जुने इंजिन दमले' असं लिहिलं. ते मंजूर झालं. इंजिन पुन्हा पायऱ्या उतरून टेम्पोत गेलं आणि मिस्त्री एका शब्दाने कुरकुरले नाहीत.

कर्नल मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्या मजल्यावरचे हे गृहस्थ सैन्यात कधीच नव्हते, एका बिस्किटांच्या कारखान्यात भांडार सांभाळून ते निवृत्त झाले होते. पण सल्लाही ते हुकमाच्या सुरात देत, म्हणून इमारतीने त्यांना हा हुद्दा बहाल केला होता.

"वजन," कर्नल म्हणाले. "गाडीला वजन झेपत नाही. उतरवा सगळं."

साहेबांनी डिकी उघडली. जॅक, पाने, दोन छत्र्या, सतरंजी, पाण्याचा डबा आणि स्टेपनी, सगळं वर घरात आलं. स्टेपनी दिवाणखान्यात टीव्हीशेजारी उभी राहिली. मागची सीटही निघते असं कळल्यावर तीही आली. पाहुणे तिच्यावर बसत आणि बसल्या जागी उगाच पट्टा शोधत. एकदा बाई वह्यांची पिशवी घेऊन गाडीत बसायला आल्या, तेव्हा साहेबांनी पिशवी हातात घेऊन अंदाज घेतला.

"किती आहेत?"

"बावन्न. निबंधाच्या आहेत."

"निबंध जरा छोटे नाही का देता येत?"

बाई त्या दिवशी बसने गेल्या. आणि त्याच दिवशी, ऑफिसपासून चार किलोमीटरवर, गाडी पंक्चर झाली. स्टेपनी टीव्हीशेजारी, जॅक पलंगाखाली. ज्यांची हद्द महिन्यापूर्वी साहेबांनी मोजली होती, तेच गृहस्थ नेमके तिथून जात होते. त्यांनी गाडी थांबवली, खिडकीची काच खाली घेतली, साहेबांना नीट ओळखलं आणि काच वर घेऊन निघून गेले.

वजनाने काही साधलं नाही, तेव्हा कर्नलांनी चोरीचा मुद्दा काढला. टाकीला कुलूप आलं. पुढच्या वेळी पेट्रोल भरताना पंपावर साहेबांना किल्ली सापडेना. खिसे झाले, बॅग झाली, पायमोजेसुद्धा झाले. मागे रांग लागली. शेवटी पंपावरच्या माणसाने पान्याने कुलूप तोडलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काका, स्वतःच्याच गाडीचं पेट्रोल चोरायला निघालात की काय?" रांग हसली. कुलूप चार दिवस टिकलं होतं आणि त्या चार दिवसांचं ॲव्हरेज अकराच होतं, म्हणजे चोरही नव्हता. साहेबांना चोर नसल्याचं एवढं दुःख आयुष्यात कधी झालं नव्हतं.

त्या पंपावरून ते तडक गॅरेजात गेले. तिथे दोन गिऱ्हाइकं उभी होती. साहेबांच्या कानात अजून रांगेचं हसू होतं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "तुम्ही इंजिन नाही, पिंप बसवलंय. वरून ओता, खालून गायब. असलं काम करायचं होतं तर आधीच सांगायचंत."

मिस्त्री कापडाला हात पुसत राहिले. खूप वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "साहेब, मग गाडी दुसऱ्या कुणाला दाखवा." आवाजात राग नव्हता. राग असता तर साहेबांना बरं वाटलं असतं.

बावीस वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हापासून तिला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. मुलीच्या परीक्षेच्या दिवशी गाडी वाटेत बंद पडली, तेव्हा मिस्त्रींनी आधी मुलीला स्कूटरवरून परीक्षेला पोचवलं होतं आणि मग गाडीकडे पाहिलं होतं. हे सगळं साहेबांना घरी येताना आठवलं, म्हणून घरी आल्यावर ते बूटही न काढता बसून राहिले. बाईंनी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "अकरा."

आता उरले मेहुणे. बाईंचे हे धाकटे भाऊ दर तीन वर्षांनी गाडी बदलत आणि दर वेळी आपण मागची किती योग्य वेळी विकली हे सांगत. ते मागच्या सीटवर, म्हणजे दिवाणखान्यात, ऐसपैस बसून म्हणाले, "भावोजी, किती जीव काढाल? माझ्या ओळखीचा भंगारवाला आहे. रविवारी येऊन उचलून नेईल, तुम्हाला खाली उतरायचीही गरज नाही."

"तू गप्प बस," बाई म्हणाल्या.

पण साहेब म्हणाले, "येऊ दे." आणि उठून आत गेले. बाईंनी स्वयंपाकघरातून पाहिलं, तर ते खिडकीशी उभे राहून खाली गाडीकडे बघत होते. गाडीचे डावीकडचे दोन्ही टायर सावलीत आहेत ना, एवढंच बघत होते, असं त्यांनी नंतर सांगितलं.

शुक्रवारी ते बाईंना शाळेतून आणायला गेले. येताना मोठ्या रस्त्यावर वाहतूक पोलिसाने हात केला. साहेबांनी गाडी बाजूला घेतली आणि काच खाली केली. त्याला बहुधा पत्ता विचारायचा असेल, असं त्यांना वाटलं.

"पन्नासची हद्द आहे. तुम्ही साठने आलात."

साहेबांनी आधी मागे वळून, हे दुसऱ्या कुणाला तर म्हणत नाही ना, ते पाहिलं. मग ते म्हणाले, "मी पंचेचाळीसने चालवत होतो. मी नेहमीच पंचेचाळीसने चालवतो. काटा माझ्या डोळ्यांसमोर होता."

"यंत्रात साठ आलेत, काका."

"यंत्र चुकलंय."

'हद्द' हा शब्द कुणी असा सहज वापरलेला साहेबांना खपत नसे. पावती घेऊन ते सरळ वाहतूक शाखेच्या कचेरीत गेले. बाई गाडीत वह्या तपासत थांबल्या. आत टेबलापलीकडे एक तरुण अधिकारी मॅडम बसल्या होत्या. साहेबांनी त्यांना आपली एकतीस वर्षांची नोकरी सांगितली, मोजमापाचं शास्त्र थोडक्यात सांगितलं आणि म्हणाले, "कुठलंही यंत्र वेळच्या वेळी तपासून घ्यावं लागतं. तुमच्या यंत्राचा दाखला दाखवा."

मॅडमनी खण उघडून दाखला पुढे ठेवला. यंत्र अकरा दिवसांपूर्वी तपासलेलं होतं. साहेबांनी दाखला दोनदा वाचला. सही होती, शिक्का होता, तारीख होती. चूक एकही नव्हती, आणि त्यामुळे ते जरा खचलेच.

"आणि तुमच्या मीटरचा दाखला, काका?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या मीटरचं काय?"

"ते कधी तपासलंय?"

साहेब समोरच्या खुर्चीवर मटकन बसले. मॅडमनी घाबरून पाणी मागवलं.

बाहेर येऊन ते गाडीत बसले, पण किल्ली फिरवेनात. मीटरकडे बघत बसले. तो काटा आणि ते फिरणारे आकडे, यांच्यावर त्यांनी चार महिने आंधळा विश्वास टाकला होता. मिस्त्रींवर संशय घेतला, पंपावर घेतला, निबंधांवर घेतला. मीटरवर नाही.

"अगं," ते हळूच म्हणाले, "गाडी जोरात चालते का गं हल्ली?"

"चार महिने दाराची कडी धरून बसतेय मी," बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या.

शनिवारी सकाळी इमारतीमागच्या सरळ रस्त्यावर साहेबांनी तीस मीटरची फीत आणि खडू घेऊन एक किलोमीटर मोजायला घेतला. फितीचं शून्याचं टोक कर्नलांच्या हाती होतं. मोहिमेवर नेमणूक झाल्यासारखे ते दर तीस मीटरला "तयार" असं ओरडत. तेहतीस फिती आणि वर दहा मीटर. साहेबांनी उलटं मोजलं. मग तिसऱ्यांदा मोजलं. एक शाळकरी सायकलवाला, दोन दूधवाले आणि मॉर्निंग वॉकची सगळी मंडळी जमा झाली. इथून नवा रस्ता जाणार आणि इमारत पाडणार, अशी बातमी तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचली.

मग साहेब गाडीत बसले. शेजारी बाई पेन्सिल घेऊन. पहिल्या खडूच्या रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत गाडी नेली.

"किती?"

"साडेसातशे मीटर," बाई म्हणाल्या.

तीन वेळा केलं. तिन्ही वेळा साडेसातशे. गाडी एक किलोमीटर जात होती आणि मीटर पाऊणच कबूल करत होतं. साहेबांनी वही उघडली, अकराला पाऊणने भागलं. चौदा पूर्णांक सदुसष्ट. इंजिन चार महिने मुकाट्याने जुन्यापेक्षा चांगलं काम करत होतं आणि रोज शिव्या खात होतं.

"म्हणून टाकी पंधरा दिवस पुरते," बाई म्हणाल्या. त्यापुढे काही बोलल्या नाहीत. बाईंचा चांगुलपणा असा वेळेवर दिसायचा.

कर्नल खिडकीशी वाकून म्हणाले, "मी म्हणालोच होतो, वजनाचा काही संबंध नाही."

गॅरेजकडे जाताना साहेब ओठ हलवत होते. बाईंनी विचारलं, "काय चाललंय?"

"काय बोलायचं ते जुळवतोय. आधी पार्श्वभूमी सांगावी म्हणतो..."

"पार्श्वभूमी नको. चुकलो म्हणा, एवढंच."

गॅरेजात मिस्त्री एकटेच होते. साहेब समोर उभे राहिले, "चुकलो" म्हणाले, आणि मग राहवेना म्हणून पार्श्वभूमीही सांगितली. मीटर, यंत्र, फीत, साडेसातशे. मिस्त्री ऐकता ऐकता उठले, गाडीखाली सरपटत गेले आणि बराच वेळ फक्त त्यांचे पाय दिसत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळहातावर अंगठ्याएवढं प्लॅस्टिकचं दातेरी चाक होतं.

"हे मीटरची केबल फिरवतं," ते म्हणाले. "त्या दुसऱ्या गाडीचं मीटर वेगळं असणार. तिच्या गिअरबॉक्सचं हे तसंच राहिलं. याला वीस दाते. आपल्याला पंधराचं हवं. म्हणजे माझंच चुकलं साहेब."

"तुमचं कसं? मी मोजणीदार आहे. मी मोजायला हवं होतं."

"बसवलं मी."

"अहो, पण बोललो मी."

दोघं बराच वेळ असे चूक आपल्याकडे ओढत राहिले. हद्दीच्या कुठल्याही भांडणात साहेबांनी दोन बाजूंना एवढी घासाघीस करताना पाहिलं नव्हतं, आणि तीही जास्त घेण्यासाठी. शेवटी बाई म्हणाल्या, "निम्मी निम्मी घ्या आणि ते चाक बदला. मला घरी स्वयंपाक आहे."

मिस्त्रींनी जुना गिअरबॉक्स ओढून काढला आणि त्यातलं पंधरा दात्यांचं चाक सोडवायला बसले. काम करता करता खाली मान घालून म्हणाले, "तुम्ही बोललात ना, त्यानंतर मी त्या अपघाताच्या गाडीच्या मालकाला शोधून काढलं. तीन तास लागले बसने जायला. त्याला विचारलं, तुम्हाला किती द्यायची? तो म्हणाला, पंधराच्या आसपास. मग तर माझी मतीच गुंग झाली. पंधराचं इंजिन माझ्या हाताखालून गेलं आणि अकराचं झालं. म्हटलं, आता गॅरेज बंद करावं."

साहेबांनी बॅटरी हातात घेतली आणि मिस्त्रींना उजेड दाखवत उकिडवे बसले. चाक बसेपर्यंत उठले नाहीत. उठताना मात्र त्यांना मिस्त्रींनी आणि बाईंनी दोन्हीकडून धरावं लागलं.

रविवारी मेहुणे भंगारवाल्याला आणि त्याच्या उचलगाडीला घेऊन आले. साहेब दारात उभे होते. "गाडी द्यायची नाही," ते म्हणाले.

"का? काय सुधारलं तिच्यात?" मेहुण्यांनी विचारलं.

"तिच्यात काही बिघडलंच नव्हतं," बाई म्हणाल्या. "आणि आलाच आहेस तर ती सीट खाली न्यायला हात लाव." भंगारवाला भला माणूस होता, त्याने स्टेपनी उचलली.

सोमवारी साहेब पुन्हा वाहतूक शाखेत गेले. मॅडमनी त्यांना पाहताच पाणी मागवलं.

"नको, नको," साहेब म्हणाले. "दंड भरला आहे. तुमचं यंत्र बरोबर होतं, ते सांगायला आलो. आणि हा अर्ज." त्यांनी एक कागद पुढे केला. इंजिन बदललेल्या तारखेपासून शनिवारपर्यंत आपण ज्या ज्या दिवशी नकळत जोरात गाडी चालवली असण्याचा संभव आहे, ते सगळे दिवस त्यांनी रस्त्यांसकट त्यात मांडले होते. एकूण सत्त्याण्णव. नियमाप्रमाणे योग्य ती कारवाई व्हावी, ही विनंती.

मॅडमनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. मग तो नीट घडी करून साहेबांना परत दिला.

"काका, असा अर्ज घ्यायची आमच्याकडे सोय नाही."

"मग कुठे द्यायचा?"

"कुठेच नाही." मॅडमनी खिडकीतून आवारात उभ्या असलेल्या खात्याच्या जीपकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "पण एक विचारू का? आमच्या या जीपचं इंजिन गेल्या वर्षी बदललं. तेव्हापासून ॲव्हरेज नऊच्या वर जात नाही. ड्रायव्हरवर चौकशी लावायची वेळ आलीय. तो बिचारा म्हणतो, माझं काही चुकत नाही."

साहेबांनी खिडकीतून जीपकडे पाहिलं. जवळच एक पोक्त ड्रायव्हर पडेल चेहऱ्याने टायरची हवा बघत होता, बहुधा दिवसातून चौथ्यांदा. साहेबांनी अर्ज खिशात घातला आणि फोन काढला. आधी त्यांनी मिस्त्रींना फोन केला, हत्यारांची पेटी घेऊन यायला सांगितलं. मग घरी लावला.

"अगं, मला उशीर होईल. आणि कर्नलांना फीत घेऊन इकडे पाठव. खडू दोन दे."